हॅम्लेट का थांबतो? मनोविश्लेषणात्मक समीक्षेची ऐंशी वर्षे

१) १५ ऑक्टोबर १८९७. व्हिएन्नातील ४१ वर्षांच्या एका डॉक्टरने बर्लिनमधील आपल्या मित्राला पत्र लिहिले. डॉक्टर होते सिग्मंड फ्रॉइड, मित्र होते विल्हेल्म फ्लीस. फ्रॉइड त्या काळात स्वतःच्याच मनाचा शोध घेत होते. आईविषयीची ओढ आणि वडिलांविषयीचा मत्सर आपल्याला आपल्या बालपणात सापडला असून तो प्रत्येकाच्याच बालपणात असावा, असे त्यांनी कळवले. त्यासाठी त्यांनी साक्षीला काढला सोफोक्लीसचा ईडिपस राजा. नकळत बापाला मारणारा, नकळत आईशी विवाह करणारा. आणि लगेच पुढे त्यांनी विचारले: हॅम्लेटच्या मुळाशीही हेच नसेल?

२) मनोविश्लेषणात्मक साहित्यसमीक्षेचा उगम शोधायचा तर या पत्रापर्यंत यावे लागते. पुढच्या ऐंशी वर्षांत तिने अनेक वळणे घेतली. वैद्याच्या पलंगावर कधी लेखकाला निजवले गेले, कधी पात्राला, कधी वाचकाला, तर कधी खुद्द कथेला. त्या सर्व वळणांवर हॅम्लेट भेटतो. या इतिहासात पणाला लागलेला प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांच्याही जिव्हाळ्याचा आहे: शतकांपूर्वी मरण पावलेल्या माणसाच्या मनाविषयी आज काही सांगता येते का? आणि सांगितलेच, तर त्याचा पुरावा कोणता मानायचा?

३) आधी मूळ कोडे. डेन्मार्कच्या राजाचा मृत्यू झाला आहे. त्याचा भाऊ क्लॉडियस गादीवर बसला असून विधवा राणी गर्ट्रूडशी त्याने लग्न केले आहे. मृत राजाचे भूत राजपुत्र हॅम्लेटला सांगते की भावानेच आपला विषप्रयोगाने खून केला. त्याचा सूड घे. हॅम्लेट शब्द देतो. आणि मग थांबतो. वेडाचे सोंग घेतो, नाटक करवून राजाची परीक्षा पाहतो, राजा प्रार्थनेला बसलेला असताना उपसलेली तलवार परत म्यान करतो. सूड पूर्ण होतो तो अगदी अखेरच्या प्रवेशात, आणि तोवर तो स्वतःही मरणपंथाला लागलेला असतो. एवढा विलंब का?

४) हा प्रश्न फ्रॉइडच्या फार आधीचा आहे. १७३६ मध्ये लंडनमध्ये एक अनामिक पुस्तिका निघाली. तिचे कर्तृत्व पुढे टॉमस हॅन्मर यांच्याकडे दिले गेले. तिच्यातील निरीक्षण रोखठोक होते: राजपुत्राने लगेच सूड घेतला असता तर नाटक तिथेच आटोपले असते. जर्मनीत गटेने हॅम्लेटमध्ये असह्य ओझ्याखाली मोडणारा कोमल जीव पाहिला. इंग्लंडमध्ये कोलरिजने अतिविचाराने कृतिशून्य झालेला माणूस पाहिला. म्हणजे उत्तरे होती. ती मनाच्या अंगानेही दिली गेली होती. पण ती सर्व जाणिवेच्या मनाविषयी होती.

५) हे कोडे मराठीतही लवकरच आले. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या तुरुंगवासात आगरकरांनी हॅम्लेटच्या भाषांतराचे काम केले आणि १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. पुढे गणपतराव जोशी यांनी ही भूमिका महाराष्ट्रभर गाजवली. नावाकडे जरा थांबून पाहावे. आगरकरांनी शीर्षकात सूड ठेवला नाही, राजपुत्रही ठेवला नाही. ठेवले ते मनोविकारांचे खेळणे. त्या वर्षी फ्रॉइड व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात उमेदवारी करणारे तरुण डॉक्टर होते.

६) फ्रॉइडचे उत्तर छापले गेले ते स्वप्नांविषयीच्या त्यांच्या ग्रंथात. ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये बाहेर पडला, पण मुखपृष्ठावर साल होते १९००. प्रती अवघ्या ६००. त्या खपायला सुमारे आठ वर्षे लागली. हॅम्लेटवरचा मजकूर पहिल्या आवृत्तीत केवळ एका तळटीपेत होता. १९१४ पासून तो मुख्य मजकुरात आला. पुढे एका समीक्षापंथाचा पाया ठरलेला विचार आधी पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत वावरत होता.

७) युक्तिवाद असा. हॅम्लेट कृतिशून्य नाही. पडद्याआड लपलेल्या पोलोनियसला तो एका झटक्यात भोसकतो. आपल्या जिवावर उठलेल्या दोन दरबाऱ्यांना थंड डोक्याने मृत्यूकडे धाडतो. त्याचा हात थांबतो तो एकाच माणसापाशी. तो माणूस म्हणजे, ज्याने बापाला दूर करून आईशेजारची जागा घेतली. क्लॉडियसने जे केले ते हॅम्लेटच्याच बालपणीच्या दडपलेल्या इच्छेचे साकार रूप आहे. शिक्षा देणारा आपण शिक्षा भोगणाऱ्याहून वेगळे नाही, ही नेणिवेतली खूण त्याचा हात धरते. नेणीव म्हणजे मनाचा तो थर, जिथल्या इच्छा माणसाला स्वतःलाच ठाऊक नसतात.

८) हा युक्तिवाद मोहक आहे, कारण तो ‘का’ या प्रश्नाला ‘नेमका इथेच का’ असे टोक देतो. पण संहिता त्याला आडवीही येते. पडद्याआड वार करताना तिथे राजाच असावा, असे हॅम्लेटला वाटलेले असते. म्हणजे त्या क्षणी त्याचा हात क्लॉडियसवरच चाललेला असतो. आपण कोणाला मारतो आहोत हे दिसत नसल्यामुळेच तो हात चालला, असे फ्रॉइडच्या बाजूने म्हणता येईल. मात्र मग प्रत्येक विरोधी पुरावा अनुकूल करून घेण्याचे दारही उघडते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

९) फ्रॉइड पात्रापाशी थांबले नाहीत. हॅम्लेटच्या मनात जे दिसते ते मुळात शेक्सपियरच्या मनातले, असे त्यांनी मानले. त्यासाठी त्यांनी डॅनिश समीक्षक गेओर्ग ब्रांडेस यांच्या शेक्सपियरचरित्राचा आधार घेतला. शेक्सपियरचे वडील जॉन यांचा दफनविधी सप्टेंबर १६०१ मध्ये झाला; नाटक त्यानंतर लगोलग, पितृशोकात लिहिले गेले. शिवाय शेक्सपियरचा मुलगा १५९६ मध्ये अकराव्या वर्षी वारला होता आणि त्याचे नाव होते हॅम्नेट. बाप गेलेला, मुलगा गेलेला, आणि नाटकात बापाचे भूत मुलाशी बोलते आहे. चित्र पूर्ण झाल्यासारखे वाटते.

१०) इथे इतिहासकाराची पाळी येते. नाटकाची अधिकृत नोंद लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांच्या दप्तरात २६ जुलै १६०२ रोजी झाली. पण नोंद म्हणजे लेखनकाळ नव्हे. गेब्रियल हार्वी या विद्वानाने चॉसरच्या १५९८ च्या आवृत्तीत समासात एक टिपण केले आहे. त्यात हॅम्लेटचा उल्लेख आहे, आणि त्याच टिपणात अर्ल ऑफ एसेक्सविषयी तो हयात असल्यासारखे लिहिले आहे. एसेक्सचा शिरच्छेद झाला २५ फेब्रुवारी १६०१ रोजी. टिपणाच्या काळाविषयी मतभेद आहेत. पण ते त्याआधीचे असेल, तर शेक्सपियरचे वडील जिवंत असतानाच हॅम्लेट लोकांना ठाऊक झालेला होता.

११) दुसरी अडचण याहून मोठी आहे. कथा शेक्सपियरची नव्हेच. सुमारे १२०० च्या सुमारास साक्सो ग्रामाटिकुस या डॅनिश इतिहासकाराने आम्लेथ राजपुत्राची कथा लॅटिनमध्ये लिहिली. भावाने केलेला राजाचा खून, वहिनीशी लग्न आणि राजपुत्राचे वेडाचे सोंग हे सारे तिथे आहे. सोळाव्या शतकात बेलफोरेने ती फ्रेंचमध्ये सांगितली. १५८९ पासूनच लंडनमध्ये हॅम्लेटविषयीच्या एका जुन्या, आज हरवलेल्या नाटकाचे उल्लेख मिळतात. आई, काका आणि मृत बाप ही मांडणी वारशाने आली असेल, तर तिच्यावरून एका माणसाच्या बालपणाचे निदान करता येते का?

१२) मात्र वारशाने सगळे सुटत नाही. साक्सोच्या कथेत खून सर्वांना ठाऊक आहे. म्हणून जीव वाचवायला राजपुत्राला वेडाची गरज आहे. शेक्सपियरच्या नाटकात खून गुप्त आहे. म्हणजे वेडाचे बाह्य कारण शेक्सपियरने काढून घेतले आणि सोंग मात्र ठेवले. परिणामी कारणाचा शोध राजपुत्राच्या मनात सुरू होतो. परंपरेतून आलेल्या कथेत लेखकाने नेमके काय बदलले, हे पाहणे मृताच्या बालपणाविषयी तर्क करण्यापेक्षा कितीतरी भक्कम पाऊल आहे.

१३) आता या इतिहासातील सर्वांत विलक्षण वळण. १९२० मध्ये टॉमस लूनी नावाच्या एका इंग्लिश शिक्षकाने पुस्तक लिहून दावा केला, की ही नाटके स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपियरची नसून ऑक्सफर्डचा सतरावा अर्ल एडवर्ड डी व्हेर याची आहेत. अभ्यासकांनी हा दावा स्वीकारला नाही. डी व्हेर १६०४ मध्येच वारला, आणि ‘मॅकबेथ’, ‘टेम्पेस्ट’ यांसारखी नाटके त्यानंतरची मानली जातात. फ्रॉइड मात्र या दाव्याकडे ओढले गेले. १९३० मध्ये स्वप्नग्रंथाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी टीप घातली: या नाटकांचा कर्ता स्ट्रॅटफर्डचा माणूस होता, यावर आता आपला विश्वास राहिलेला नाही.

१४) मग १६०१ च्या पितृशोकाचे काय? तो आधार त्यांच्याच हाताने निखळला. पण निष्कर्ष हलला नाही. डी व्हेर बारा वर्षांचा असताना त्याचे वडील वारले आणि आईने पुन्हा लग्न केले. फ्रॉइड यांनी आयुष्याच्या अखेरीस त्याच गोष्टीकडे बोट दाखवले. रुग्ण बदलला, निदान तेच राहिले. दोन अगदी भिन्न आयुष्यांना सारखेच लागू पडणारे निदान त्या आयुष्यांतून निघालेले नसते. ते आधीच हातात असते. चरित्रावरून कृतीकडे आणि कृतीवरून चरित्राकडे जाणारा प्रत्येक वाचक या चकव्यात सापडू शकतो.

१५) दरम्यान पात्राचे निदान वेगळ्या वाटेने पुढे जात होते. फ्रॉइडचे वेल्श शिष्य अर्नेस्ट जोन्स यांनी १९१० मध्ये एका अमेरिकन मानसशास्त्रीय नियतकालिकात हॅम्लेटवर दीर्घ निबंध लिहिला, तो वाढवत नेला आणि १९४९ मध्ये ‘हॅम्लेट अँड ईडिपस’ हे पुस्तक केले. १९३८ मध्ये नाझींच्या तावडीतून फ्रॉइडना लंडनला आणण्यात पुढाकार घेणारे हेच जोन्स. पात्रांना जिवंत माणसे मानल्याखेरीज नाटकावर बोलताच येत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

१६) जोन्स यांचा निबंध विद्वानांच्या वर्तुळात राहिला नाही. १९३७ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक रंगमंचावर हॅम्लेट करण्यापूर्वी लॉरेन्स ऑलिव्हिए जोन्स यांना जाऊन भेटले. १९४८ मध्ये ऑलिव्हिए यांनी चित्रपट केला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. त्यात आई झालेल्या आयलीन हर्ली मुलाची भूमिका करणाऱ्या ऑलिव्हिए यांच्याहून सुमारे अकरा वर्षांनी लहान होत्या, आणि माय-लेकांच्या भेटीच्या दृश्यात मध्यभागी मोठा पलंग होता. संहितेतील रंगसूचनांत तो पलंग नाही. तिथे आहे राणीचे खासगी दालन. एका टीकाकाराचा अर्थ असा रंगसामान होऊन बसला, आणि पुढच्या पिढ्यांना तो शेक्सपियरचाच वाटू लागला.

१७) या पद्धतीवरचा नेमका आक्षेप १९३३ मध्येच आला होता. केंब्रिजच्या एल. सी. नाइट्स यांनी एका पुस्तिकेचे नावच उपहासाने ठेवले: लेडी मॅकबेथला मुले किती? त्यांचा रोख ए. सी. ब्रॅडली यांच्या परंपरेवर होता, पण घाव जोन्स यांच्यावरही बसतो. पात्राला नाटकाबाहेर बालपण नसते. हॅम्लेट तीन वर्षांचा असताना काय घडले, हे शोधायला दप्तर नाही, साक्षीदार नाही. कारण ते बालपण कधी घडलेच नाही. लेखकाच्या बाबतीत पुरावा अपुरा असतो. पात्राच्या बाबतीत तो असूच शकत नाही.

१८) लेखक हातचा गेला, पात्रही गेले. मग उरले काय? १९७७ मध्ये ‘येल फ्रेंच स्टडीज’ या नियतकालिकाचा एक विशेषांक निघाला. संपादक होत्या शोशाना फेल्मन. साहित्य म्हणजे रोगी आणि मनोविश्लेषण म्हणजे वैद्य, ही मांडणीच त्यांनी नाकारली. एक शास्त्र दुसऱ्यावर लावायचे नसून दोघे एकमेकांत गुंतलेले आहेत, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी उदाहरण घेतले हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या भूतकथेचे. १९३४ मध्ये एडमंड विल्सन यांनी त्या कथेतील भुते म्हणजे शिक्षिकेच्या दडपलेल्या वासनांचे भास, असे निदान केले होते.

१९) फेल्मन यांनी दाखवले, की कथेतील शिक्षिकाही नेमके हेच करते. काहीही करून गुपित वदवून घ्यायचे, अर्थ मुठीत पकडायचा, असा तिचा अट्टाहास. आणि अखेरीस मुलगा तिच्या मिठीतच मरतो. अर्थ पक्का करू पाहणारा समीक्षक नकळत त्याच कथेतील पात्र होऊन बसतो. ही दृष्टी फ्रॉइडकडेच वळवली तर? त्यांचे वडील याकोब ऑक्टोबर १८९६ मध्ये वारले होते, फ्लीसना लिहिलेल्या त्या पत्राच्या बरोबर वर्षभर आधी. स्वप्नग्रंथ हा पित्याच्या मृत्यूला दिलेला आपला प्रतिसाद होता, हे त्यांनी १९०८ च्या प्रस्तावनेत स्वतःच सांगितले. शेक्सपियरचा पितृशोक अनिश्चित राहिला. त्याच्या नाटकात पितृशोक वाचणाऱ्याचा मात्र दप्तरी नोंदलेला आहे.

२०) त्याच विशेषांकात झाक लकाँ यांची १९५९ ची हॅम्लेटवरील व्याख्याने इंग्रजीत आली. ‘मुलाला आई हवी’ या सूत्राऐवजी त्यांनी ‘आईला काय हवे आहे’ हा प्रश्न केंद्रस्थानी आणला. नाटकातील अपुऱ्या अंत्यविधींकडेही त्यांनी लक्ष वेधले: राजाचा शोक संपण्याआधीच लग्न होते, पोलोनियसला गुपचूप पुरले जाते, ओफेलियाचे विधी आखडते घेतले जातात. ज्यांचा शोक पुरा होत नाही, ते भूत होऊन परत येतात. हे वाचन कोणाच्या बालपणावर विसंबून नाही. त्याचा प्रत्येक पुरावा संहितेतच तपासता येतो.

२१) आणि त्याच अंकात पीटर ब्रुक्स यांचा कथनमीमांसेला नवी दिशा देणारा निबंध होता. त्यांनी हाती घेतला फ्रॉइडचा १९२० चा ग्रंथ. त्यात फ्रॉइडचा दीड वर्षाचा नातू दोरीला बांधलेले रीळ फेकतो आणि पुन्हा ओढून घेतो. आई जाते आणि परत येते, हे तो खेळातून सोसायला शिकतो. ब्रुक्स यांनी विचारले, कथाही अशीच चालत नाही का? आरंभी एक ओढ जागी होते, ती शेवटाकडे धावते. पण वेळेआधी शेवट आला तर कथा फुकट जाते. म्हणून वळणे, पुनरावृत्ती, लांबण. ब्रुक्स यांनी उदाहरणे कादंबऱ्यांची घेतली, पण हा विचार हॅम्लेटला लावला की विलंब हा पात्राचा आजार राहत नाही. कथानक म्हणतात ते हेच. १७३६ च्या त्या अनामिक निरीक्षणाला अडीचशे वर्षांनी तात्त्विक पाया मिळाला.

२२) उरतो सार्वत्रिकतेचा दावा. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. फ्रॉइडशी पत्रव्यवहार ठेवूनही, आपले रुग्ण व्हिएन्नातल्या रुग्णांसारखेच वागत नाहीत, हे त्यांनी निर्भीडपणे कळवले. पुढे ए. के. रामानुजन यांनी ‘द इंडियन ईडिपस’ या निबंधात भारतीय कथांतला उलटा नमुना दाखवला: इथे मुलगा बापाला हटवत नाही, बापच मुलाच्या वाट्याचे घेतो. भीष्म बापाच्या लग्नासाठी स्वतःचे लग्न सोडतो; पुरू ययातीला आपले तारुण्य देतो. खांडेकरांची १९५९ ची ‘ययाती’ वाचलेल्या मराठी वाचकाला हा नमुना नवा नाही.

२३) मग या ऐंशी वर्षांतून हाती काय लागले? शेक्सपियरच्या बालपणाविषयी काहीच नाही. पण वाचनाची एक कठोर शिस्त मात्र लागली. ऐतिहासिक कादंबरी असो, बखर असो वा पोवाडा, त्यात एखाद्याच्या ‘मनाचा’ उलगडा समोर आला की विचारावे: पुरावा संहितेत आहे की चरित्रात? चरित्रातला असेल तर तारखा जुळतात का? कथेतले काय वारशाने आले आणि काय मुद्दाम बदलले गेले? हेच निदान दुसऱ्या कोणाला इतक्याच सहज लागू पडेल का? आणि शेवटी, सर्वांत अवघड: हा अर्थ सापडावा अशी इच्छा नेमकी कोणाची आहे?